जुना डिझेल ट्रक सारखी हवा धरतोय? पंप उतरवायच्या आधी टाकीकडून सुरुवात करा

हवा धरतो म्हणजे डिझेलच्या रस्त्यात हवा शिरते. आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचा आजार हाच आहे का ते कळेल. रात्री चांगला चालत आलेला ट्रक सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसली तरी उठत नाही. हातपंप मारला, फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करून हवा काढली की फटकन चालू होतो आणि मग दिवसभर काही झालंच नाही असा वागतो. काही दिवस असे जातात आणि मग घाटात, तेही नेमका माल भरलेला असताना, पिकअप जातो, इंजिन गचके द्यायला लागतं, पांढरा धूर सोडतं आणि बंद. परत हातपंप. असे वर्षानुवर्षं हवा धरणारे ट्रक भरपूर आहेत, आमचा त्यातलाच होता, आणि ड्रायव्हर लोकांनी ते इतकं अंगवळणी पाडून घेतलेलं असतं की विचारलं तर म्हणतात "मालक, हिचा स्वभावच हाय त्यो". गाडीला स्वभाव बिभाव काही नसतो, कुठेतरी भोक असतं.

आमची गाडी पुढे सपाट तोंडाची, केबिन इंजिनाच्या डोक्यावर, आणि केबिन ठाम, म्हणजे आत्ताच्या गाड्यांसारखी पुढे झुकत नाही. पन्नाशी ओलांडलेली आहे, आता धंद्याला नाही, गावातल्या गावात चारा, शेणखत आणि गणपतीत मिरवणूक एवढंच काम, कधीतरी हौसेने गगनबावड्याकडे एक फेरी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा कुठली कंपनी चांगली यावरच जाईल. आणि खाली जे लिहितोय ते हातपंपवाल्या कुठल्याही जुन्या लाईन पंपाच्या (डिझेल दाबणारे प्लंजर एका ओळीत असलेला पंप) गाडीला लागू पडतं.

डिझेलचा रस्ता असा असतो. टाकी, टाकीतला सक्शन पाईप, तिथून चेसीच्या बाजूने पुढे येणारी लांब नळी, मग फीड पंप (मोठ्या पंपाच्या कुशीला बसलेला असतो तो, त्याच्यावरच हातपंपाचं बोंडुक असतं), मग फिल्टर, बहुतेक गाड्यांना दोन, मग मोठा पंप (डिझेल जोरात दाबून पुढे पाठवणारा), मग नॉझल (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड). आता यातली मुख्य गोष्ट, जी कुणी सांगत नाही: फीड पंपाच्या पुढे सगळीकडे डिझेल दाबाखाली असतं, साधारण एक-दीड बार (एक बार म्हणजे जवळपास बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा). तिथे कुठे गळती असेल तर गाडी चालू असताना डिझेल बाहेर येतं, फिल्टर ओला दिसतो, खाली थेंब पडतात, आंधळ्यालाही वासाने कळेल. पण टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीवर असते, तिच्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. तिथे फट असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. शहाळ्याच्या नळीला वर कुठेतरी चीर असली की पाणी तोंडात येतच नाही ना, नुसती हवा येते, अगदी तसं. म्हणून गाडी बाहेरून कोरडी ठणठणीत असते आणि तरी रोज हवा धरते. उलट बाहेर कुठेच ओलं नाही हीच मोठी खूण आहे की भानगड फीड पंपाच्या अलीकडे आहे.

आणि एवढ्याशा हवेने इंजिन का मरतं? नॉझल उघडायला जुन्या डायरेक्ट इंजेक्शन गाड्यांत साधारण पावणेदोनशे ते दोनशे बार दाब लागतो. डिझेल दाबून फारसं आक्रसत नाही म्हणून प्लंजरने (मोठ्या पंपातल्या दट्ट्याने) ढकललं की दाब लगेच नॉझलपर्यंत पोचतो. मधे हवेचा बुडबुडा आला की प्लंजर बिचारा तो बुडबुडाच दाबत बसतो, नॉझल उघडतच नाही. हवा अगदी चमचाभर असली तरी पुरते.

घाटातच का, याचं उत्तरही यातच आहे. चढाला इंजिन जास्त डिझेल मागतं, नळीतून जास्त जोरात ओढलं जातं, ओढ वाढली की त्याच फटीतून हवा जास्त येते. त्यात टाकीतली जाळी गाळाने चोंदलेली असेल तर ओढ आणखी वाढते. सपाटीवर ती फट मुकाट असते.

आता लोक काय करतात ते सांगतो. गाडी हवा धरते म्हटलं की मिस्त्री पहिला हात घालतो मोठ्या पंपाला. "पंप-नॉझल करून घ्या मालक." पंप उतरतो, पंपवाल्याकडे जातो, टेस्ट बेंचवर लागतो, नवीन एलिमेंट (प्लंजर आणि त्याची नळी) पडतात, बिल होतं, पंप परत बसतो, टायमिंग लावलं जातं. या सगळ्या खोलाखोलीत फिल्टरचे, नळ्यांचे बरेच जॉईंट नव्याने आवळले जातात, फीड पंपाला नवीन किट पडतं, आणि गाडी आठवडा-पंधरा दिवस खरंच छान चालते. मग परत तेच. मग पंपवाल्याला शिव्या. पंपवाल्याचा दोष बऱ्याच वेळा नसतोच, कारण पंपात बिघाडच नव्हता. आमच्या गाडीची जुनी बिलं मी चाळली तेव्हा आमच्या आधीच्या मालकाने हाच खेळ किती पैसे घालून खेळलाय ते बघून मला त्याची दयाच आली.

पण मिस्त्री पंपाकडेच का जातो यालाही कारण आहे आणि ते कारण म्हणजे गाडीची रचना. या असल्या गाडीत पंप हाच त्यातल्या त्यात हाताला लागणारा भाग आहे. बाकी जिथे जिथे बघायला पाहिजे तिथे हात जात नाही. हे जरा सविस्तर सांगतो कारण सगळा वैताग इथेच आहे.

इंजिन केबिनच्या आत, दोन सीटांच्या मधे, पत्र्याच्या झाकणाखाली. झाकण उचलायचं तर गिअरचा दांडा त्या झाकणातूनच वर येतो, म्हणजे आधी दांडा काढा. दांड्याचं रबर काढायचं तर क्लीनर साईडची सीट काढा. सीटचे बोल्ट खालून, मडगार्डच्या आतल्या बाजूने, आणि त्यांचे नट मोकळे, म्हणजे एक माणूस वर पाना धरून आणि एक खाली चिखलात झोपून. एवढं करून झाकण निघालं की वरून इंजिनाचं टॅपेट कव्हर दिसतं, छान दिसतं, फीड पंप मात्र दिसत नाही. तो आहे खाली, ब्लॉक आणि स्टिअरिंग बॉक्सच्या ब्रॅकेटच्या बेचक्यात. माझा अंदाज असा की मूळ आराखडा नाकवाल्या, डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा असणार, त्यात पंपाच्या बाजूला भरपूर मोकळी जागा असणार, मग हौद्याला लांबी मिळावी म्हणून केबिन उचलून इंजिनावर ठेवली, स्टिअरिंग उजवीकडे आणलं आणि ते नेमकं फीड पंपाच्या पुढ्यात आलं. कागदावर सगळं बसतंय ना, मग झालं! ज्याने हे काढलं त्याला रस्त्याच्या कडेला पावसात त्या बेचक्यातून हातपंप मारायला लावायला पाहिजे होतं.

फिल्टर दोन, आणि दुसऱ्या फिल्टरचा एअर स्क्रू केबिनच्या मागच्या पत्र्याकडे तोंड करून. मधे जागा जेमतेम दोन बोटं. रिंग पाना बसतो पण फिरत नाही, उघडा पाना फिरतो पण बसत नाही. आम्ही शेवटी एक स्वस्तातला रिंग पाना घेऊन अर्ध्यात कापला आणि दांडा काटकोनात वाकवून वेल्ड केला. हा पाना आता गाडीतच असतो. करून घ्या, पैसे वसूल आहेत.

आणि टाकी. सक्शन पाईप टाकीच्या माथ्यावरून आत जातो, आणि टाकीच्या माथ्यावर लगेच हौद्याचं आडवं लाकूड. म्हणजे पाईप बाहेर काढायचा तर तो दीड हात वर उचलायला पाहिजे आणि वर जागा आहे चार बोटं. त्यामुळे पन्नास वर्षांत तो पाईप कुणी बाहेर काढून बघितलेलाच नसतो. टाकी खाली घ्यावी लागते, दुसरा इलाज नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की ज्या गाडीत प्रत्येक नट उघडायला अर्धा दिवस जातो त्या गाडीत पाना हातात घ्यायच्या आधी भोक कुठल्या भागात आहे ते नक्की करा. त्याला लागतं काय, तर एक स्वच्छ कॅन, गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी तीन-चार मीटर, थोड्या क्लिपा आणि रांगोळीची किंवा टाल्कम पावडर.

पहिलं काम, फीड पंपाच्या अलीकडे, जिथे लांब नळी संपून रबरी तुकडा असतो, तो रबरी तुकडा काढून त्या जागी पारदर्शक नळी लावा आणि ती जरा बाहेरच्या बाजूला वळवून घ्या म्हणजे दिसेल. आमच्या गाडीला उजवं पुढचं चाक काढून, आतला मडगार्डचा पत्रा काढून मग हे जमलं. हवा काढून गाडी चालू करा, रेस जरा वाढवा आणि नळीत बघा. एखाद-दुसरा बुडबुडा सुरुवातीला जातो तो सोडून द्या. पण बुडबुड्यांची माळ लागली असेल तर हवा टाकीकडून येतेय हे पक्कं. नळी स्वच्छ आहे आणि तरी फिल्टरच्या एअर स्क्रूमधून फेस येतोय, तर हवा नळीच्या पुढे, म्हणजे फीड पंपाच्या तोंडाचा जॉईंट किंवा हातपंप, यातून घुसतेय. दोन्हीकडे दिसली तर दोन भोकं आहेत. आमच्याकडे दोन होती आणि एक बुजवलं की दुसरं सांभाळून घ्यायचं, म्हणून तर इतकी वर्षं सापडलं नव्हतं.

दुसरं काम, टाकीची नळी बाजूला करा आणि पारदर्शक नळीचं टोक सरळ कॅनमध्ये बुडवा. कॅन जमिनीवर ठेवायचा. हे महत्त्वाचं आहे, बरेच जण कॅन सीटवर किंवा टपावर ठेवतात, मग डिझेल वरून खाली स्वतःच येतं, ओढच राहत नाही, भोक असलं तरी हवा येत नाही आणि "हां, टाकीचाच प्रॉब्लेम" असा चुकीचा निकाल निघतो. कॅन जमिनीवर असताना गाडी उभ्या उभ्या तासभर चालली, गचका नाही, तर टाकी किंवा चेसीवरची नळी.

तिसरं काम मला सगळ्यात आवडतं. लांब नळी फीड पंपाला परत जोडा, आता कॅन मुद्दाम टपावर चढवा, टाकीच्या तोंडाशी सुटलेल्या लांब नळीच्या टोकाला त्याची नळी जोडा आणि गाडी बंद ठेवून चहा प्यायला जा. दोन मीटर उंचीवरच्या डिझेलचा दाब होतो साधारण ०.१६ बार, फार नाही, पण जिथून हवा आत येत होती तिथून आता डिझेल बाहेर झिरपतं. आधी सगळे जॉईंट पुसून कोरडे करायचे आणि त्यावर पावडर मारायची. तासाभराने जिथे पावडर काळपट ओली दिसेल ते भोक. आमच्या चेसीवरच्या नळीत काहीच निघालं नाही, मात्र फीड पंपाच्या तोंडाचा बँजो बोल्ट (नळी जोडणारा, आतून पोकळ बोल्ट) ओला. आणि टाकीच्या आतला पाईप या परीक्षेत येतच नाही, हे लक्षात ठेवा, त्याचं वेगळं.

त्या बँजो बोल्टची गोष्ट ऐका. बोल्ट घट्ट होता. मिस्त्रीने तीनदा आवळून दाखवला. तांब्याचे वायसर नवे टाकले, तरी ओला. बाहेर काढून बघितला तर बोल्टचे पहिले दोन-तीनच आटे चमकत होते, बाकीचे कोरे. फीड पंपाचं तोंड होतं १४ मिलिमीटरचं, दीडच्या पिचचं (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये). बोल्ट होता पाव इंची बीएसपी (इंग्रजी पाईपांचे आटे), हायड्रॉलिकच्या दुकानात मिळतो तो. त्याचा बाहेरचा व्यास १३.१६ मिलिमीटर आणि इंचाला १९ आटे, म्हणजे पिच १.३४ च्या आसपास. आट्याचा कोनही वेगळा, बीएसपीचा ५५ अंश, मेट्रिकचा ६०. दोन-तीन आटे धरतात, मग पिच जुळत नाही म्हणून अडकतो आणि पान्याला वाटतं की बोल्ट बसला. वायसरवर दाब मात्र येतच नाही. डिझेल बाहेर आलं असतं तर कुणीतरी कधीच पकडलं असतं, पण ही ओढीची बाजू, कोरडीच राहणार.

असं होण्यामागे त्या काळाच्या गाड्यांचा इतिहास आहे. आपल्याकडे पन्नास-साठच्या दशकात जे ट्रक बनायला लागले ते सगळे बाहेरच्या आराखड्यांवर: जमशेदपूरला टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) १९५४ पासून जर्मनीच्या डेमलर-बेंझच्या, मद्रासजवळ एन्नोरला अशोक लेलँडने इंग्लंडच्या लेलँडच्या, इकडे कुर्ल्याला प्रीमियरने डॉज आणि फार्गो, तिकडे बंगालात उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने बेडफर्ड. जर्मन आराखडा मिलिमीटरमधला, बाकीचे इंचातले, आणि इंचातही कुठे व्हिटवर्थचे जुने इंग्रजी आटे तर कुठे नंतरचे युनिफाईड. वर आणखी बेंगलोरची माईको, १९५१ साली निघालेली, जर्मनीच्या बॉशच्या परवान्याने पंप बनवणारी. तिचा पंप जेव्हा इंची गाडीवर बसतो तेव्हा नळ्या इंची आणि पंपाचं तोंड मेट्रिक. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना नंतर गॅरेजमध्ये डिझेल इंजिनं बसवली गेली, ती वेगळी खिचडी. म्हणजे यात दोष कुणा एकाचा नाही, पण तुमच्या गाडीत एकाच नळीच्या दोन टोकांना दोन देशांचे आटे असू शकतात हे धरून चाला. पिच गेज घ्या, साधं पानांचं मिळतं, आणि हाताने शेवटपर्यंत न फिरणारा बोल्ट पान्याने फिरवू नका.

बोल्ट बदलला. तोंडातले आटे जरा चेपले होते म्हणून त्यात बरोबर मापाचा टॅप हाताने फिरवून साफ केले, टॅपला ग्रीस लावून, म्हणजे कीस आत न पडता ग्रीसला चिकटतो. तांब्याचे वायसर नवे मिळाले तर उत्तम, नाहीतर जुनेच गॅसवर लाल करून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं, मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू घासून सपाट करा. एकदा दाबलेला वायसर तसाच परत वापरला की तो कडक झालेला असतो, बसत नाही. टेफ्लॉन टेप बँजोला गुंडाळू नका, त्याचा उपयोग शून्य आणि तुकडा सुटून फीड पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये गेला की नवीनच आजार.

आता टाकीतला पाईप. याची खूण आधीपासून समोर होती. टाकी फुल असली की गाडी शहाण्यासारखी वागायची आणि काटा अर्ध्याच्या खाली गेला की नाटकं सुरू. तुमच्या गाडीचं असं असेल तर बाकी काही न बघता टाकी उतरवा, कारण पाईपाला मधे कुठेतरी चीर आहे, डिझेल वर असलं की ती बुडालेली असते, पातळी खाली गेली की उघडी पडते आणि हवा ओढते. (टाकीच्या झाकणाचं भोक बुजलेलं असलं तरी गाडी बंद पडते, पण तेव्हा पातळीशी संबंध नसतो, तास-दोन तास चालल्यावर पडते आणि झाकण उघडताना फुस्स आवाज येतो. ते आधी बघून घ्या, फुकटचं काम आहे.)

टाकी उतरवायच्या आधी रिकामी करा. शंभर लिटर डिझेल म्हणजे त्र्याऐंशी किलोच्या आसपास, वर पत्र्याचं वजन, आणि खाली झोपलेला माणूस तुम्ही. खाली जॅक आणि लाकडी ठोकळे असल्याशिवाय पट्ट्याचे नट सोडू नका. आमच्या पट्ट्याचे बोल्ट चेसीच्या आतून बाहेर घातलेले, डोकी आतल्या बाजूला, तिथे पाना जात नाही, नट फिरवला की बोल्टही फिरतो. कुठल्या शहाण्याने घातले असतील! गंजाचं तेल मारून रात्रभर ठेवलं तरी एकही हलला नाही. टाकीशेजारी गॅस कटर लावायचा नाही म्हणजे नाही, ग्राइंडरच्या ठिणग्याही नकोत, म्हणून छन्नीने नट फाडले. नवे बोल्ट घालताना आम्ही उलटे घातले, नट आत आणि डोकं बाहेर, आणि आतला नट फिरू नये म्हणून त्याला पट्टी वेल्ड करून आधीच कॅप्टिव्ह (जागेवर पक्का) केला, चेसीवर बसवायच्या आधी, बाहेर टेबलावर. आता टाकी पाऊण तासात खाली येते.

पाईप बाहेर आला तेव्हा चीर आधी दिसलीच नाही. पाईपाला थरथर होऊ नये म्हणून आत एक पत्र्याची पट्टी डाग देऊन टाकीच्या आतल्या आडव्या पडद्याला टेकवलेली होती, आणि चीर बरोबर त्या डागाच्या कडेला, केसाएवढी. एक टोक बोटाने बंद करून, दुसऱ्या टोकाने फुंकर मारून पाईप पाण्याच्या बादलीत धरला तेव्हा बुडबुडे निघाले. आधार द्यायचा म्हणून जो डाग दिला तिथेच पाईप मोडला, कारण सगळी थरथर त्या एका जागी येऊन थांबते. आम्ही कोल्हापुरात उद्यमनगरात नवीन पाईप करून घेतला, आणि आधार डाग देऊन नाही तर रबराचा बुश लावलेल्या क्लिपने दिला. रबर डिझेलमध्ये टिकणारं पाहिजे, सायकलच्या ट्यूबचा तुकडा नाही. खालची जाळी पूर्ण चोंदलेली, तीही बदलली.

एक गोष्ट ठासून सांगतो. पाईपाचं वेल्डिंग किंवा ब्रेझिंग टाकीपासून लांब, बाहेर काढून. टाकीलाच भोक असेल तर ती "रिकामीच आहे की" म्हणून आग लावू नका, रिकाम्या टाकीतल्या वाफा भरलेल्या डिझेलपेक्षा वाईट. ज्याला टाक्यांचं काम माहीत आहे, जो आधी वाफेने धुऊन घेतो, त्याच्याकडेच द्या.

रबरी तुकडे आणि हातपंप यांच्याबद्दल थोडक्यात. ओढीच्या बाजूचे सगळे रबरी तुकडे न बघता बदला, बाहेरून चांगले दिसले तरी. जुनं रबर आतून पापुद्रे सोडतं आणि तो पापुद्रा झडपेसारखा रस्ता अडवतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेल आलं, गंधक १० पीपीएम (दहा लाखात १० भाग), आधी बीएस-४ ला ५० होतं, आणि जुनं कडक झालेलं सीलचं रबर नव्या डिझेलवर आकसून गळायला लागतं, तर नवीन सील घेताना चांगल्या प्रतीचं घ्या. हातपंपाचं बोंडुक काम झालं की शेवटपर्यंत आवळलं पाहिजे, ढिलं राहिलं तर तिथूनच हवा. आवळूनही राहत नसेल तर नवीन हातपंपच बसवा, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. फीड पंपाचे व्हॉल्व्ह बघायचे तर ओढीची नळी काढून त्या तोंडावर अंगठा ठेवा आणि दुसऱ्याला हातपंप मारायला सांगा, अंगठा ओढला गेला पाहिजे आणि मारणं थांबवल्यावर ओढ लगेच सुटता कामा नये. सुटत असेल तर व्हॉल्व्ह आणि स्प्रिंगचं किट टाका. रात्रभर उभी राहिल्यावर डिझेल टाकीत परत उतरतं ते बऱ्याचदा याच व्हॉल्व्हमुळे, वर कुठे फट असली की.

सगळं जोडल्यावर हवा काढायची पद्धत, कारण इथेही घाई करतात. हातपंप सैल करा, पहिल्या फिल्टरचा एअर स्क्रू दोन आटे ढिला करा, फेस जाऊन अखंड डिझेल येईपर्यंत मारा, डिझेल येत असतानाच आवळा. मग दुसरा फिल्टर, आमच्यासारख्यांचा वाकडा पाना इथे. मग मोठ्या पंपावरचा स्क्रू. एवढ्यावर उठत नसेल तरच नॉझलकडचे पाईपाचे नट अर्धा आटा ढिले करून रेस पूर्ण दाबून सेल्फ मारा, ओलं दिसलं की आवळा. तिथे हात किंवा तोंड जवळ नेऊ नका. नॉझलच्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आत सगळं कुजवतं, ती ऑपरेशनची केस असते, मलम लावून घरी बसायची नाही.

मग पारदर्शक नळी काही दिवस तशीच ठेवा, टाकी अर्ध्याच्या खाली असताना गाडी भरून चढाला घाला आणि उतरून नळीत बघा. स्वच्छ असली की तिथे चांगला रबरी तुकडा बसवा, कारण ती लेव्हलची नळी डिझेलमध्ये कडक होते आणि तडकते, कायमची ठेवायची वस्तू नाही. गिअरच्या दांड्याखालचं झाकण मात्र आम्ही अजून परत बसवलेलं नाही, त्याचे दोन तुकडे करून मधे बिजागरी लावायचा विचार आहे, म्हणजे सीट न काढता उघडेल. असल्या केबिनवर कुणी हे आधी केलं असेल तर उष्णता आणि आवाज आत किती येतो ते सांगा, आणि झाकणाच्या कडेला दोरी भरली का जाड फेल्ट, तेही सांगा.